वचन कोण बोललं?

“तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल.” बायबलमधलं हे वाक्य मी भिंतीवरच्या तसबिरीत पाहिलंय, वाढदिवसाच्या कार्डावर पाहिलंय, नव्या संसाराला दिलेल्या शुभेच्छांत पाहिलंय. खाली संदर्भही बिनचूक असतो: ईयोब, अध्याय ८, वचन ७. वाक्यात वाईट काहीच नाही. फक्त ते कोण कोणाला बोललं, एवढंच तिथे छापलेलं नसतं.

बोलणारा बिल्दद. ऐकणारा ईयोब, ज्याचे सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी घर कोसळून मेल्या, ज्याच्या अंगभर गळवं उठली आहेत आणि जो राखेत बसून खापरीनं अंग खाजवतो आहे. समाचाराला तीन मित्र आलेत, त्यांतला हा दुसरा. या गोड वाक्याच्या तीनच वचनं आधी तो त्या बापाला काय ऐकवतो? तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, म्हणून देवानं त्यांना त्यांच्या पापाच्या हवाली केलं. आता तू शुद्ध असशील आणि देवाची मनधरणी करशील, तर तुझं पुन्हा भलं होईल. त्या भल्याचं वर्णन म्हणजे आपलं तसबिरीतलं वाक्य. पुत्रशोकात बुडालेल्या माणसाला घातलेली ही अट आहे, आणि आपण ती आशीर्वाद म्हणून वाटतो. पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव स्वतः या मित्रांवर संतापतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तसं तुम्ही बोलला नाहीत.

(गंमत अशी की ईयोबाची संपत्ती शेवटी दुप्पट झाली. म्हणजे बिल्ददचं बोलणं एका अर्थी खरं ठरलं. पण ते ईयोबानं मनधरणी केली म्हणून नाही. त्यानं या मित्रांसाठीच प्रार्थना केली तेव्हा. हे कळायला मात्र सगळं पुस्तक वाचावं लागतं.)

ही तसबीर टांगणारी माणसं बायबल न उघडणारी नसतात. उलट रोज उघडणारी असतात. म्हणूनच ‘लोक आता बायबल वाचत नाहीत’ ही जी नेहमीची हळहळ ऐकू येते, तिच्यात मला फारसं तथ्य वाटत नाही. जे रोज वाचतात त्यांना आपण सवय कुठली लावली, हा खरा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की आपण वेचण्याची सवय लावली आणि तिलाच वाचन म्हणत आलो. ॲप सकाळी उगवत्या सूर्याच्या चित्रावर एक ओळ पाठवतं आणि सलग किती दिवस झाले याचा आकडा दाखवतं. रविवारच्या शाळेत पाठांतराच्या स्पर्धा होतात. बक्षीस सर्वांत जास्त वचनं घडाघडा म्हणणाऱ्याला. मी स्वतः लहानपणी अशी बक्षिसं घेतली आहेत आणि पुढे कित्येक वर्षं वाटलीही आहेत. त्या सगळ्या वर्षांत एकाही मुलाला मी ‘हे कोण बोललं?’ असं विचारलं नाही.

वचन अचूक पाठ असणं आणि ते समजणं यांत किती अंतर असू शकतं, याचा सर्वांत बोचरा दाखला खुद्द बायबलमध्येच आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, उडी टाक, कारण असं लिहिलं आहे की देवदूत तुला हातांवर झेलतील. हे ९१ वं स्तोत्र आहे. संदर्भ खरा, शब्दही जवळजवळ जसेच्या तसे. पाठांतराच्या स्पर्धेत त्याला पैकीच्या पैकी गुण पडले असते. येशू त्याला ‘असं कुठे लिहिलंय?’ असं विचारत नाही. ‘असंही लिहिलं आहे’ असं म्हणतो आणि जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन पुढे ठेवतो: देवाची परीक्षा पाहू नको. एका ओळीला तो शास्त्राच्या बाकीच्या बोलण्यात परत नेऊन बसवतो.

आता सर्वांत लाडक्या वचनाकडे येऊ. यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला आशा देणारे आहेत. परीक्षेच्या आदल्या दिवशी, मुलाखतीच्या सकाळी, लग्न ठरत नसताना, सगळीकडे हे वचन धावून येतं. ते एका पत्रातलं आहे. इसवीसनपूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सरानं यरुशलेमेचा राजा, दरबारी आणि कारागीर उचलून बाबेलला नेले. त्या पाडाव केलेल्या लोकांना यिर्मयानं मागून पत्र धाडलं. पण हे पत्र त्याच्या आधीच्या, अठ्ठाविसाव्या अध्यायाशिवाय वाचूच नये. तिथे हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची भांडीसुद्धा परत येतील. यिर्मयाचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही तेच हवं होतं. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर लाकडी जू घेतलेलं असतं, हनन्या मग ते काढून मोडून टाकतो. आणि यिर्मया निघून जातो. नंतर त्याला जे सांगायला लावलं गेलं ते असं, की हे लाकडी जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडी येईल.

या पार्श्वभूमीवर पत्र उघडा. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा. लग्नं करा, मुलांचीही करून द्या. ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमची भेट घेईन. अकरावं वचन याच्या लगेच नंतर येतं. सत्तर वर्षं! ज्या कर्त्या माणसांनी हे पत्र कानांनी ऐकलं, त्यांतली बहुतेक परत जाणारच नव्हती. हिताचा संकल्प होता, पण तो त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला येणार होता. आपण मात्र यिर्मयाचं वाक्य घेतो आणि त्यात हनन्याची मुदत भरतो: होईल, सगळं लवकरच होईल.

इथे मराठी वाचकाच्या पदरात एक गोष्ट आयतीच पडली आहे, तिचा आपण उपयोग करत नाही. आजच्या इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच सर्वनाम आहे, म्हणून ते वचन वाचणाऱ्याला सहज वाटतं की हे मला एकट्याला म्हटलंय. मूळ हिब्रूत तिथे अनेकवचन आहे आणि मराठीतही ‘तुम्हांला’ आहे. आदरार्थी ‘तुम्ही’चा घोळ असतो खरा, पण देव माणसाला आदरार्थी बोलत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी शंकेला जागा राहत नाही. लूकच्या बाविसाव्या अध्यायात तर हा फरक काळजाला भिडतो. शेवटच्या रात्री येशू पेत्राला म्हणतो: शिमोना, सैतानानं तुम्हांला गव्हासारखं चाळायची मागणी केली आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. तुम्हांला आणि मग तुझा. संकट सगळ्या शिष्यांवर आहे. प्रार्थना त्या एकासाठी आहे, जो पहाटेपर्यंत तीनदा नाकारणार आहे. आणि लगेच त्याला सांगितलं जातं की तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. ग्रीकमध्ये हे असंच आहे. आपल्याला ग्रीक न शिकता मिळतं, फक्त थांबून सर्वनामं वाचली पाहिजेत.

मग हे वेचणं आलं कुठून? थोडा दोष पुस्तकाच्या बांधणीचा आहे. बायबलचे आजचे अध्याय मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत. ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे. त्यांचं श्रेय स्टीफन लँग्टनला देतात, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. नव्या कराराला आपण वापरतो ते वचनांचे क्रमांक रोबेर एतिएन या मुद्रकानं १५५१ साली दिले. सोय मोठी झाली. जगाच्या पाठीवर कुठल्याही भाषेत दोन माणसं एका क्षणात एकाच ओळीवर येऊ शकतात. पण क्रमांक पडला की ओळ सुटी होते. अध्याय पडला की माणूस तिथे पुस्तक मिटतो, आणि काही वेळा चाकू अगदी नको तिथे पडलेला असतो.

लूकचाच विसावा अध्याय पाहा. शेवटी येशू शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो: लांब झगे घालून मिरवणारे, सभास्थानात मानाच्या जागा पकडणारे, विधवांची घरं गिळणारे. अध्याय संपला. दिवसाचं वाचनही बहुधा संपलं. दुसऱ्या दिवशी एकविसावा अध्याय: मग त्यानं दृष्टी वर करून पाहिलं, श्रीमंत भांडारात दानं टाकत होते, आणि एका दरिद्री विधवेनं दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकल्या. ‘दृष्टी वर करून’ हे शब्द म्हणजे मधलं सगळं अंतर. विधवांची घरं गिळणाऱ्यांविषयी बोलता बोलता त्यानं मान वर केली आणि समोर विधवा उभी होती, होतं नव्हतं ते सगळं देऊन टाकणारी. पाचव्या वचनात लोक मंदिराच्या सुंदर पाषाणांचं कौतुक करतात, सहाव्यात तो म्हणतो, इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. दान वाढावं म्हणून या विधवेवर किती उपदेश झाले असतील! तिच्या मनाचा मोठेपणा मी नाकारत नाही. येशूनंच तो मोजून दाखवला. पण तुम्हीही असंच करा, असं तो म्हणत नाही. पुढचंमागचं जोडून वाचलं तर त्या प्रसंगात कौतुकाइतकाच संताप दिसतो. निदान प्रश्न तरी उभा राहतो, की या बाईला शेवटच्या दोन टोल्या टाकायला लावणारी व्यवस्था कुठली?

‘पण वचनानं दिलासा मिळतो, तो तुम्ही काढून घेणार का?’ असं मला विचारतात. नाही. मरणाच्या दारातल्या माणसाच्या उशाशी बसून मी ईयोबाची रचना समजावणार नाही. तेविसाव्या स्तोत्राची एक ओळ म्हणेन. पण ती ओळ तिथे पुरते, कारण त्या माणसानं सगळं स्तोत्र आयुष्यभर म्हटलेलं असतं. वधस्तंभावर येशूनं उच्चारलं ते ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हेही एका ओळीचंच आहे, २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ. ज्याला ते स्तोत्र ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असतं की ते आक्रोशानं सुरू होऊन स्तुतीवर संपतं. पाठांतराला माझा विरोध नाही. स्तोत्रं पाठ करावीत, अख्खी करावीत.

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त असतो: अर्थ पवित्र आत्मा उलगडतो, एवढा अभ्यास कशाला? याला प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उत्तर देतो. कूशी राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचतोय. आत्मा फिलिप्प नावाच्या प्रचारकाला म्हणतो, जा, त्या रथाला गाठ. फिलिप्प धावत जातो, विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजेल? आत्म्यानं अर्थ थेट त्याच्या डोक्यात ओतला नाही. एक माणूस धाडला, रथात चढवला आणि शेजारी बसवला. खजिनदाराचा पहिलाच प्रश्नही पाहा: संदेष्टा हे कोणाविषयी म्हणतोय, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? आमच्या स्पर्धांत हरवलेला प्रश्न तो हाच.

आणखी एक बारकावा. फिलिप्पाला तो काय वाचतोय ते कळलं, कारण तो मोठ्यानं वाचत होता. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचं रात्रंदिवस ‘मनन’ करणारा धन्य म्हटला आहे. तिथला हिब्रू शब्द पुटपुटण्याचा, गुणगुणण्याचा आहे, आणि यशयाच्या ३१ व्या अध्यायात तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला लावला आहे. मनन म्हणजे डोळे मिटून शांत बसणं, ही आपली समजूत; त्या शब्दात मात्र तोंड हलतंय. मार्कचं शुभवर्तमान मोठ्यानं वाचायला दीड तास लागतो. एकदा एका बैठकीत वाचून बघा. ‘लगेच’, ‘लगेच’ म्हणत ते कसं धावतं आणि शेवटच्या आठवड्यात येऊन कसं मंदावतं, हे रोज दहा वचनं वाचून वर्षानुवर्षं कळत नाही. मला ते पन्नाशीला आल्यावर कळलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

वर्षभरात संपूर्ण बायबल, या योजनांबद्दलही बोललं पाहिजे. स्कॉटलंडमधल्या रॉबर्ट मरे मॅक्शेन या तरुण पाळकानं १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी असं वेळापत्रक केलं आणि ते अजून वापरात आहे. त्यात सगळं पुस्तक डोळ्यांखालून जातं, हा मोठाच गुण. माझी योजना मात्र साधी, पहिल्या पानापासून सरळ. प्रॉटेस्टंट बायबलच्या ६६ पुस्तकांत ११८९ अध्याय, म्हणजे रोज सव्वातीन. या हिशेबानं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माणूस बरोबर लेवीयच्या तेराव्या अध्यायात रुततो. त्वचेवरचे चट्टे, पांढरे पडलेले केस, सात दिवस वेगळं ठेवणं, पुन्हा तपासणं. चार वर्षं मी तिथेच अडकले आणि दर वेळी दोष स्वतःच्या आळसाला दिला. पाचव्या वर्षी तारखा खोडल्या आणि तिथेच मुक्काम केला. तेव्हा दिसलं की तेराव्यात ज्याला छावणीबाहेर काढतात, त्याला चौदाव्यात परत आत आणायचा विधी आहे. याजक स्वतः छावणीबाहेर जातो त्याच्याकडे. आणि मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्याला हात लावून बरं करतो आणि म्हणतो, जाऊन याजकाला दाखव, मोशेनं नेमलेलं अर्पण कर. त्याला घरी जायची वाट लेवीयमधून होती. मी जो रटाळ भाग भराभर ओलांडू पाहत होते, तो कोणासाठी तरी दाराची किल्ली होता. योजना वाईट नव्हती. पण तिनं मला पोहोचायची घाई शिकवली होती.

वेचण्याची ही सवय नेहमी निरागसच राहते असंही नाही. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. जुन्या करारातला जवळजवळ नव्वद टक्के आणि नव्या करारातला सुमारे निम्मा मजकूर गाळला होता. योसेफ गुलाम म्हणून विकला जातो आणि इमानानं चाकरी करतो, हे ठेवलं. इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून सुटतात, ते गाळलं. दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा, हे ठेवलं. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही, हे गाळलं. त्यांनी एक शब्दही खोटा छापला नाही. छापलेलं प्रत्येक वचन बायबलमधलंच होतं. आपण हे धक्का बसून ऐकतो. पण आपण वर्षभरात जी वचनं पाठवतो, टांगतो, अधोरेखित करतो, तेवढीच एकत्र छापली तर ते पुस्तक किती पानांचं होईल? आणि त्यातून काय काय गळलेलं असेल? माझ्या बायबलमध्ये लाल पेन्सिलीच्या खुणा कुठे आहेत ते मी एकदा पाहिलं. गरिबांवरच्या अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात एकही नव्हती.

म्हणून मंडळ्यांनी, निदान मुलांना शिकवणाऱ्यांनी, बक्षिसाचा निकष बदलावा, असं माझं उघड म्हणणं आहे. पन्नास वचनांऐवजी एक छोटं पुस्तक द्या. ते मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून, एका बैठकीत वाचा. जमलं तर दोन भाषांतरं शेजारी ठेवा, कारण दोन भाषांतरकार जिथे वेगळे शब्द निवडतात तिथे बहुधा थांबण्यासारखं काहीतरी असतं. टीकाग्रंथ, म्हणजे अर्थ उलगडून सांगणारं पुस्तक, नंतर उघडा, आधी नको; आधी उघडला की मुलं पुस्तकाऐवजी उत्तर वाचतात. जुन्या करारातल्या एज्रा शास्त्र्यानं यरुशलेमेत पाणीवेशीपुढच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं, तेव्हा पुरुष, बायका आणि समजण्याजोगे सगळेच उभे होते आणि लेवी अर्थ सांगत होते. कोणी किती वचनं पाठ केली याची नोंद तिथे नाही. त्यांना समजलं म्हणून ते आनंद करायला गेले, एवढी आहे.

गेल्या वर्षी मी दहाबारा वर्षांच्या मुलांबरोबर फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घेतलं. पंचवीस वचनं. पौल तुरुंगातून लिहितोय: तुझा दास अनेसिम याला परत पाठवतोय, आता दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून त्याला घे, त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल तर माझ्या नावावर मांड, आणि हो, माझ्यासाठी राहायची जागा तयार ठेव. वाचून झाल्यावर कोणी काही बोलेना. मग एका मुलीनं पहिल्या दोन वचनांवर बोट ठेवलं. “बाई, हे फिलेमोनाला एकट्याला नाहीये. घरातल्या मंडळीलापण आहे. म्हणजे सगळ्यांसमोर वाचलं असणार?”

असणार, मी म्हटलं.

“आणि अनेसिम तिथेच उभा?”

बहुधा.

“मग तो नाही कसं म्हणेल?” एक मुलगा म्हणाला. दुसरा म्हणाला, म्हणू शकतो की, मालक आहे तो. वाद सुरू झाला, चांगला पाच मिनिटं चालला. शेवटी सगळे माझ्याकडे वळले: मग त्यानं केलं काय? मी सांगितलं की पत्रात तेवढंच आहे. त्या मुलीचा विश्वास बसला नाही. तिनं पान उलटून पाहिलं. पुढे इब्री लोकांस पत्र सुरू होत होतं.